तानाबाईची कबुली

तानाबाई बाकावरून उठली तशी चर्चमधली कुजबुज थांबली. अकरा वर्षं ती शेवटच्या बाकावर बसत होती आणि प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट तिला वगळून पुढं जात होतं. आज तिला सगळ्या मंडळीसमोर आपलं पाप कबूल करायचं होतं. ते झालं की आजच तिला भाकर मिळणार होती.

सयाजीराव पुढच्या बाकावर, मंडळीच्या वडिलांच्या रांगेत बसले होते. वडील म्हणजे मंडळीचे पंच, आणि सयाजीरावांएवढा कडक पंच उभ्या कोल्हापुरात दुसरा नसेल. कुणाचा पोरगा तमाशाला गेला, कुणाच्या मांडवात सत्यनारायण झाला, सगळं त्यांच्या कानावर यायचं आणि कानावर आलं की त्याची चौकशी व्हायची. तानाबाईला भोजनातून बंद करायचा ठरावही त्यांच्याच अक्षरात लिहिलेला होता. आज मात्र डिसेंबरच्या थंडीत त्यांना घाम फुटला होता.

चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, नवे होते, वयानं तरुण. त्यांनी सकाळी शास्त्रातून वाचून सांगितलं होतं, की माणसानं आधी स्वतःला तपासावं आणि मगच या भाकरीला हात लावावा. अर्धं झाकून केलेला पश्चात्ताप हा पश्चात्तापच नव्हे, असंही ते म्हणाले होते. हीच शिकवण सयाजीरावांनी स्वतः पन्नास वेळा लोकांना ऐकवली होती. दुसऱ्याला ऐकवताना ती एवढी टोचत नाही.

"मी देवर्ष्याकडं नारळ घिऊन गेलते," तानाबाई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, नळावर भांडावं तसा मोठा. "लिंबूबी नेलतं. आपल्या देवाला सोडून दुसऱ्याच्या दारात गेले. चुकले."

एवढ्यावर भागायला हवं होतं. जुन्या पाळकांनी तेव्हा यापुढं काही विचारलं नव्हतं. पण या तरुण माणसानं अगदी मायेनं विचारलं, "तानाबाई, तुम्ही तर एकट्या राहता. मग नारळ कुणासाठी? कुणाच्या सांगण्यावरून गेलात?"

सयाजीरावांनी मान खाली घातली. त्या साली त्यांची लेक एस्तर अकरा वर्षांची होती आणि तापानं फणफणली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. त्यांच्या बायकोनं, शेवंताबाईनं, स्वयंपाकघराच्या दारात शेजारच्या तानाबाईच्या पिशवीत नारळ घातला आणि तिचे पाय धरले. सयाजीराव सोप्यात बसले होते. त्यांनी सगळं पाहिलं, काही न बोलता उठले आणि चर्चमध्ये प्रार्थनेला निघून गेले. पोरगी वाचली. पुढं कुणीतरी तानाबाईला देवर्ष्याच्या दारात पाहिल्याचं सांगितलं, ठराव लिहायची वेळ आली, आणि सयाजीरावांनी तो लिहिला. शेवंताबाई गेल्या साली वारली. आता ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. आणि आजच, उपासनेच्या सुरुवातीला, एस्तरच्या लग्नाची सूचना वाचून झाली होती. मुलगा एका पाळकांच्या घरातला, माणसं धर्माला कडक.

तानाबाईनं गाणाऱ्या पोरींमध्ये बसलेल्या एस्तरकडं पाहिलं.

"कुणाच्या न्हाय," ती म्हणाली. "माझ्याच मनानं गेलते."

सयाजीरावांचा जीव भांड्यात पडला. खरं सांगायचं तर त्यांना आनंदच झाला, आणि झालेल्या आनंदाची लाजही वाटली. पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मंडळीनं गीत म्हटलं, दोनचार बायकांनी डोळे पुसले.

मग भाकर निघाली. एकेक बाक करत सयाजीराव ताट घेऊन शेवटच्या बाकापाशी आले. अकरा वर्षं त्यांनी इथं नजर चुकवली होती. आज त्यांनी स्वतःहून ताट तिच्यापुढं धरलं.

तानाबाईनं हात पदराखालीच ठेवले.

"पुढं न्या," ती हळू म्हणाली. "ह्या तोंडानं आत्ताच खोटं बोललेय. त्यावर ही भाकर नगं."

"घे की, तानाबाई," सयाजीराव कुजबुजले. "कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसती दमलेली दिसत होती. शेजारची बाई ताटाकडं हात लांबवून थांबली होती. सयाजीरावांनी ताट तिच्यापुढं सरकवलं.

पंचांना भाकर सगळ्यांच्या शेवटी मिळते. पाळक ताट घेऊन समोर आले तेव्हा सयाजीरावांनी हात पुढं केला नाही. ते उभे राहिले आणि मंडळीकडं तोंड करून वळले. पाळक ताट धरून थांबले. आपले वडील आता तानाबाईसाठी दोन शब्द बोलणार, असं वाटून एस्तर त्यांच्याकडं बघून हसली.

"मला मंडळीला एक सांगायचंय," सयाजीराव म्हणाले.

सगळं चर्च ऐकायला लागलं. शेवटच्या बाकावरून तानाबाईनं एकदा एस्तरकडं पाहिलं, मग सयाजीरावांकडं, आणि हळूच मान हलवली. नको.

सयाजीरावांना तेवढं पुरलं. ते खाली बसले आणि त्यांनी ताटातला एक तुकडा उचलला.