लेन्सवरचा खंड्या

काळ्या टोपीचा खंड्या आला आणि थेट डॉक्टरांच्या लेन्सवर बसला.

त्याच्यासाठी डॉक्टरांनी समोर पाण्यात एक वाळकी फांदी रोवून ठेवली होती. ऊन कुठून पडेल, मागे हिरवं किती दिसेल, सगळं बघून. खंड्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चूक म्हणाल तर डॉक्टरांचीच. पक्ष्यांना दिसू नये म्हणून त्यांनी लेन्सला मातकट कापड गुंडाळलं होतं, वर खऱ्या काटक्या बांधल्या होत्या, हौसेने दोन वाळकी पानंही खोचली होती. काम इतकं बेमालूम झालं होतं, की खंड्याला हीच फांदी जास्त पसंत पडली.

पक्षीप्रेमींच्या मंडळात या तळ्यावरच्या प्रत्येक पक्ष्याचा पहिला फोटो भिंतीवर लावतात, खाली काढणाऱ्याचं नाव. या खंड्याची जागा तेवढी रिकामी होती, आणि ती आपलीच, असं डॉक्टर कित्येक हिवाळे मनात धरून होते. आता तो हातभर अंतरावर आला होता आणि त्याचा फोटो काढणं फक्त त्यांनाच अशक्य होतं. एवढ्या लांब पल्ल्याच्या लेन्सला तळ्यापलीकडचं पान दिसतं, पण स्वतःच्या टोकावर कोण बसलंय ते दिसत नाही. मोबाइल खिशात होता. हात हलवला की पक्षी गेला.

तेवढ्यात उजवीकडून कॅमेऱ्याचा आवाज सुरू झाला. खट खट खट.

साडू. चष्म्याच्या दुकानाचे मालक. गेल्या हिवाळ्यापर्यंत त्यांना कावळा आणि कोकीळ यांतला फरक विचारावा लागे, आणि तोही ते डॉक्टरांनाच विचारत. कॅमेरा कुठला घ्यावा, लव्हाळ्यात कसं बसावं, सगळं डॉक्टरांनी शिकवलं. आज तर ते पांढरीशुभ्र लेन्स उघडी टाकून बसले होते. अशा लेन्सच्या आसपास शहाणा पक्षी फिरकत नाही, असं डॉक्टर त्यांना सकाळीच सुनावून चुकले होते. आणि आता हा आयत्या बिळावरचा नागोबा खटाखट बटण दाबत होता. याचा हात थरथरू दे, याची बॅटरी संपू दे, याला शिंक येऊ दे, असं ते मनातल्या मनात जपत राहिले. साडूंना शिंक आली नाही. खंड्याने सावकाश पाण्यात सूर मारला आणि तो पलीकडच्या झाडीत गेला.

साडू धावत आले आणि त्यांनी डॉक्टरांना मिठीच मारली. म्हणाले, हा फोटो तुमचाच, मी नुसतं बटण दाबलं. हे ऐकून तर डॉक्टरांच्या अंगाचा तिळपापड झाला. माणसाने जिंकावं तर थोडं माजावं. दुसऱ्याला निदान मोकळेपणाने राग तरी धरता येतो.

दुपारी जेवायला साडूंकडेच जायचं ठरलेलं होतं. दोघी बहिणी आधीच तिथे जमल्या होत्या. जेवणं होताच साडूंनी कॅमेरा टीव्हीला जोडला. डॉक्टरांनी वाक्य तयार ठेवलं होतं, ‘छान आहे, पण पक्ष्याचा डोळा जरा धूसर आलाय.’ साडूंनी फोटो मोठा केला. डोळा लख्ख होता, त्यात तळ्याचा काठसुद्धा दिसत होता. वाक्य डॉक्टरांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणारा हा दातांचा डॉक्टर, त्याला स्वतःचं तोंड कुठे ठेवावं कळेना.

मेहुणी म्हणाली, भाऊजींची पानं-काटक्यांची सजावट काय शोभून दिसतेय. साडू म्हणाले, मंडळात लावू तेव्हा खाली दोघांची नावं घालायची. डॉक्टरांची बायको उठून टीव्हीजवळ गेली.

“अहो,” ती म्हणाली, “हा तुमच्या पुढ्यात बसलाय. तुम्ही बघताय कुणीकडे?”

सगळ्यांचं लक्ष पक्ष्यावरून मागे गेलं. लेन्सच्या मागे डॉक्टरांचा चेहरा होता. तोही लख्ख आला होता. बारीक केलेले डोळे, आवळलेले दात, ज्यासाठी ते रोज पेशंटना रागावतात तसेच. नजर सरळ फोटो काढणाऱ्यावर. म्हणजे आता, खोलीत बसलेल्या प्रत्येकावर.

साडूंनी घाईघाईने पुढचा फोटो लावला. खंड्याने मान वळवली होती. डॉक्टर तिथेच बघत होते. त्याच्या पुढच्यात त्याने पंख पसरले होते. डॉक्टर तिथेच बघत होते.

साडूंनी रिमोट खाली ठेवला. मेहुणीने उगाच टेबलावरची ताटं एकात एक घातली. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

डॉक्टर खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी समोर येऊन बसले. खिशातला चष्मा काढून त्यांनी डोळ्यांवर चढवला.

“जरा पक्ष्यावर न्या,” ते हळू आवाजात साडूंना म्हणाले. “मी पाहिलंच नाही त्याला.”