चटणीची डबी

रेल्वेच्या डब्यांत चार प्रवाशांचे गळे आवळणारा कैदी आता पाचवा खूनही आपलाच म्हणत होता, अनुसूयाबाईंच्या यजमानांचा. त्या प्रवासात बाईंचा डोळा लागला होता. झाशीला जाग आली, तेव्हा निपचित यजमानांवर हमाल वाकलेला दिसला. बाईंच्या साक्षीवरून हमालाला जन्मठेप झाली. “याला फाशी ठरलेलीच आहे. जाता जाता जातभाईला सोडवायचं असेल,” तुरुंगाचे दरोगा नीलकंठराव म्हणाले. बाईंनाही तोच संशय होता. कैदी गजांआडून म्हणाला, “माँजी, आपकी पीतल की डिबिया मैं ले गया था. चटनी में नमक नहीं था.” नीलकंठराव हसले. “आपल्या घरांत मीठ विसरतात होय?” डबी हरवल्याचं बाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं, हमाल तर रिकाम्या हातीच सापडला होता. त्या खाली बघत म्हणाल्या, “त्या दिवशी मी विसरले होते. आमचे हे शेवटचं तेवढंच बोलले.”