बांध न उकरता

लेक नम्रताच्या छातीवर एकही टाका नाही, हे पाहिलं आणि हौसाच्या मनात पाल चुकचुकली. डॉक्टर म्हणाले होते, मांडीच्या शिरेतून नळी घालून काळजाचं भोक आतूनच झाकलंय. पण खेकड्याचं बीळ बुजवायला बांध उकरावा लागतो. इथं छाती न उघडताच भोक बुजलं? छे, शहरातल्यांनी फसवलंच! पुढं डॉक्टरांनी कामाची मोकळीक दिली तशी नम्रतानं भातरोपांच्या वाफ्यावर जाळायच्या राबासाठी पाल्याचा भारा डोईवर घेतला. पोर कोसळेल या धास्तीनं हौसा कान टवकारून मागोमाग निघाली. डोळखांबच्या चढणीला, नम्रता पूर्वी दरवेळी छाती धरून बसायची त्या दगडापाशी, धापा ऐकू आल्याच. "बघ, सांगत व्हते ना मी! टाक भारा, बस गो!" हौसा ओरडली. "मला नाय लागली धाप, आये!" वरच्या वळणावरून नम्रता हसली. छाती धरून धापा टाकत होती ती हौसाच.