पावडरचा डबा

दवाखान्यातून आई बाळाशिवाय घरी आली, त्याला आठवडा झाला होता. ती कुणाशी बोलत नव्हती. वाढलं तर जेवायची, नाहीतर पलंगावर भिंतीकडे बघत बसायची. त्या दुपारी चार वर्षांच्या ठकीने बाळासाठी आणलेला पावडरचा डबा कपाटातून काढला आणि अख्खा जमिनीवर ओतला. आजी धावत आली. "अगं, काय केलंस हे!" ठकीने तिच्याकडे पाहिलंही नाही, ती आईसमोर जाऊन उभी राहिली. "आई, मी मुद्दाम सांडली." आईने पांढऱ्या जमिनीकडे पाहिलं, मग पुन्हा भिंतीकडे. "रागव ना गं मला!" ठकी काकुळतीने म्हणाली. बऱ्याच वेळाने आईचे ओठ हलले. "कार्टे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "डोळ्यांत गेली असती म्हणजे?" ठकीने भोकाड पसरलं आणि पावडरीने माखलेल्या अंगानिशी ती आईच्या मांडीवर चढून बसली. आईने तिला उतरवलं नाही.