रिकाम्या घराची पट्टी

कुलूप पार गंजलं होतं. आत खोबरेल तेल सोडून, दगडानं ठोकून कुंदानं ते कसंबसं उघडलं. "बघा साहेब, मावशी गेली तेव्हापासून घर बंद आहे. वर्षभर इथं चिटपाखरू फिरकलेलं नाही. मग राहत्या घराची पट्टी मी का म्हणून भरायची?"

तिच्या हरकतीवर पाहणीला आलेल्या पालिकेच्या साहेबांनी मान डोलावली. वीज तोडलेली, नळही तोडलेला, फरशीवर धुळीचा थर. "होईल तुमचं काम," म्हणत ते शेवटी मोरी बघायला गेले आणि दारातच थबकले.

मोरी ओली होती. तिथून देवघराकडे धुळीत ओली पावलं उमटली होती. उजवं पाऊल पूर्ण, डाव्याची नुसती बोटं.

मावशी डाव्या पायानं लंगडायची.

"बाई, इथं कोण राहतं?" साहेब दारातून मागे सरकले.

कुंदानं वाकून ती पावलं पाहिली. मग हळूच म्हणाली, "हरकत मागे घेते मी. लिहा, घरात माणूस आहे."

दोघं बाहेर आले. दार ओढून घेऊन तिनं कुलूप लावायला हात पुढे केला, तोच आतून कडी लागली.