समोरच्या बाकावर

खराडे सरांनी फळा पुसायला हात वर केला आणि पहिल्या बाकावरच्या तनुजाने चटकन डोकं दोन्ही हातांत लपवलं. वर्ग हसला. तालमीत अंग कमावलेल्या सहा फुटी खराडे सरांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी आजवर एकाही मुलावर हात उगारला नव्हता.

"बाप फार मारायचा. म्हणून मामाने इकडे आणलंय," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तुम्ही जरा तिच्याशी बोला."

"बाई, ही भीती बोलून जायची नाही," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःला वळण लावायला घेतलं. वही तपासताना ते तिच्यावर वाकेनात; तिच्यासमोर एक रिकामा बाक ओढून त्यावर, तिच्या उंचीला येऊन बसू लागले. दोन्ही हात तिला दिसतील असे मोकळे ठेवू लागले. तिने मान खाली घातली की तेही नजर वहीवर वळवायचे. एकदा त्यांना नुसती शिंक आली तरी ती भिंतीला जाऊन टेकली. सरांनी चिकाटी सोडली नाही.

दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला असेल. सर तिच्या वहीत गणित सोडवून दाखवत होते. तनुजाने त्यांच्या हातातली पेन्सिलच काढून घेतली.

"सर, तुमचं चुकलंय," ती सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाली. "इथं वजाचं चिन्ह येतं."

सरांनी पाहिलं. खरंच चुकलं होतं. भर वर्गात चूक निघाल्याचा इतका आनंद त्यांना चोवीस वर्षांच्या नोकरीत कधी झाला नव्हता.