मुद्द्याला धरून

ॲट्रॅक्टा बोलायला उभी राहिली तेव्हा टाळ्या पडल्या. मधल्या रांगेत बसलेल्या तिच्या धाकट्या बहिणीने, डिम्प्नानेही, सवयीने टाळ्या वाजवल्या.

रविवारची शेवटची मिसा संपवून गाव थेट चर्चच्या हॉलात आलं होतं. येत्या गुरुवारी मतदान होतं. आयर्लंडमध्ये घटस्फोटाला परवानगी द्यायची की नाही, याचं.

"माझा प्रश्न साधा आहे," ॲट्रॅक्टा म्हणाली. "पहिल्या बायकोचं काय? तिने पोरं वाढवायची, गाईंच्या धारा काढायच्या, आणि एक दिवस दुसरीने येऊन तिच्या खुर्चीत बसायचं?"

बोलताना तिने बहिणीकडे पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं.

"आणि जमीन?" बार्टली उठला. "उद्या माझ्या घरात सून आली आणि परवा निघाली, तर अर्धं कुरण घेऊन जाणार का?"

"आधी येऊ तर दे, बार्टली!" मागून कोणीतरी ओरडलं. हॉल हसला.

डब्लिनहून आलेली तरुण वकीलबाई बदलाच्या बाजूने बोलली. देशात असे किती संसार मोडलेत, युरोपात कुठे काय कायदे आहेत, ती सगळं सांगत होती. लोक खाकरत होते. सभा चालवणारे निवृत्त मास्तर मधूनमधून टेबलावर पेन आपटत होते.

मग डिम्प्ना उठली. का उठली ते तिलाही कळलं नाही.

"फर्गस इस्पितळात आहे," ती म्हणाली. "तुम्हाला माहीतच आहे. त्याचं पोट उघडलं आणि तसंच परत शिवून टाकलं. हे मला शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने सांगितलं. डॉक्टर मला काही सांगत नाहीत. इतकी वर्षं त्याच्या घरात राहूनही मी त्याची कोणी लागत नाही म्हणतात. ते इंग्लंडात कॉव्हेंट्रीला विनीला फोन करतात, कागदावर अजून तीच त्याची बायको. विनी त्याला सोडून गेली तेव्हा या हॉलाला पत्र्याचं छप्पर होतं." तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "मला भांडायचं नाहीये. एवढंच विचारायचंय. तो गेला की चर्चमध्ये पहिल्या बाकावर, बायकोच्या जागी, कोण बसणार?"

कोणी खाकरलं नाही. कोपऱ्यात चहाचं आधण खळखळत होतं. ॲट्रॅक्टा आपल्या हातमोज्यांकडे बघत राहिली.

"डिम्प्ना, पोरी," मास्तर म्हणाले. त्यांनीच तिला वाचायला शिकवलं होतं. "आम्हा सगळ्यांना वाईट वाटतं गं. पण इथे एकेकाच्या घरातलं काढत बसलो तर सभा संपायची नाही. मुद्द्याला धरून काही असेल तर विचार."

डिम्प्ना खाली बसली.

"तर मी जमिनीचं म्हणत होतो..." बार्टली म्हणाला.

चहाच्या वेळी तोच बार्टली तिच्यासाठी कप आणि हॅमचं सँडविच घेऊन आला.

"फर्गसच्या गवताची काळजी करू नकोस. कापून झालंय. पाऊस यायच्या आत गोठ्याच्या माळ्यावर चढवतो."

"देव तुझं भलं करो, बार्टली."

"त्याला सांग तसं. जीव थाऱ्यावर राहील त्याचा." तो अवघडून टोपी हातात फिरवत राहिला. "पण मत मात्र 'नाही'चंच द्यावं लागणार गं. जमिनीचा प्रश्न आहे. तू मनावर घेऊ नकोस."

"नाही घेत," ती म्हणाली.

तो गेल्यावर वकीलबाई आली. तिचे डोळे भरलेले होते, आणि ते खोटं नव्हतं.

"तुम्ही बोललात तसं आमच्यात कुणालाच बोलता येत नाही. मंगळवारी गॉलवेत मोठी सभा आहे. रेडिओवालेही येतायत. याल का?"

"मंगळवारी मी त्याच्याजवळ असेन."

"हो, हो, अर्थात." ती घुटमळली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि समजा... त्याआधीच काही झालं, तर याल? म्हणजे तेव्हा तर लोकांना आणखीच..."

तिने वाक्य तोडलं. डिम्प्नाने कप बशीत ठेवला आणि कोट उचलला.

रविवारी बस नसायची. ॲट्रॅक्टा गाडीत वाट बघत होती.

"चल, सोडते तुला इस्पितळात."

"वर येशील?"

"मी गाडीतच बसते. नेहमीसारखी."

रस्त्यावर प्रत्येक खांबाला फलक बांधले होते. एकावर 'हो', त्याच्याच खाली 'नाही'.

"मी तुझ्याबद्दल बोलत नव्हते," ॲट्रॅक्टा म्हणाली.

"मग कुणाबद्दल?"

"एकंदर बोलत होते."

पावसाचे थेंब काचेवर पडायला लागले. ॲट्रॅक्टाने खिशातून जपमाळ काढली आणि स्टिअरिंग धरलेल्या बोटांना गुंडाळली. तिचा आवाज एकदम मऊ झाला.

"आपण त्याच्यासाठी म्हणू या का गं? रोज रात्री म्हणते मी. तुला सांगितलं नव्हतं."

डिम्प्नाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिला बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवावंसं वाटलं.

ॲट्रॅक्टाने क्रूसाची खूण केली. "ही माळ," ती मनापासून म्हणाली, "विनीच्या नवऱ्यासाठी."

तिने प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हटला आणि थांबली. उरलेला दुसरीने म्हणायचा असतो. वायपर काचेवरून फिरत राहिले.

"पवित्र मारिये, देवाच्या माते," डिम्प्ना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता..."



"आणि आमच्या मरणाच्या वेळी," ॲट्रॅक्टाने तिच्यासाठी म्हटलं, आणि पुढचा मणी ओढला.